नांगराची निरगाठ

दिवाळीत मामा पुण्याला आला तेव्हा तुम्ही दोघांनी त्याच्या डाव्या हाताची न मिटणारी दोन बोटं पाहिलीत आणि हे काय झालं म्हणून विचारलंत. तो म्हणाला, "मासा चावला." धाकटीने मला फोनवर पुढची गोष्टही सांगितली. मासा म्हणे माणसाएवढा होता, आणि मामाने त्याच्या डोळ्यात बोट खुपसलं तेव्हा कुठे त्याने जबडा उघडला. मी "हो का?" म्हटलं आणि विषय बदलला.

तो मासा स्मॉलमाउथ बास होता, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत भरेल एवढा. त्याला चावून हात तोडण्यासारखे दात नसतात. खालच्या ओठाच्या आतून अंगठा फिरवला तर काचकागद घासल्यासारखा लागतो, एवढंच. मामाची बोटं मी कापली. सुरीने, आणि कळत असताना.

जूनमध्ये तुम्ही इकडे येणार आहात, आणि कयाकमधली पुढची जागा मामाने तुम्हाला आळीपाळीने कबूल केली आहे. त्याआधी हे तुम्हाला माहीत असायला हवं. क्रमाने सांगते.

आजोबा गेल्यावर मी मामाकडे, म्हणजे माझ्या मुलाकडे, इकडे परदेशात श्रूजबरीला आले. घरात आम्ही दोघंच. तो सकाळी खोलीचं दार लावून ऑफिसच्या मीटिंगांना बसायचा आणि मी घर लावायची. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईला रिकामं बसणं जमत नाही. मी डाळींच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या, त्याचे मोजे जोडीने ठेवले, औषधांच्या कपाटातल्या तारखा गेलेल्या बाटल्या टाकून दिल्या. तो हसायचा. मित्रांना सांगायचा, "आमच्या घरात मीठ शोधायला कॅटलॉग बघावा लागतो."

शनिवार मात्र त्याचा होता. गाडीच्या टपावर कयाक बांधून तो नदीवर जायचा. कयाक म्हणजे प्लॅस्टिकची लांबट, उघडी होडी, दोघांपुरती, भगव्या रंगाची. पहिल्या उन्हाळ्यात मी काठावर घडीच्या खुर्चीत बसले. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याने माझ्या मापाचं लाइफ जॅकेट आणलं. माझं बालपण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर गेलं, पाण्याची भीती मला नव्हती. मी पुढे बसायची, तो माझ्या पाठीमागे.

बास गळाला लागतो तो अलगद नाही. आपण रबरी किडा पाण्यात सोडून बसलेलो असतो आणि एकदम हातावर काठी मारल्यासारखा हिसका बसतो. रॉड वाकते, रिळाचा दोरा किंचाळत सुटतो, आणि तो मासा खोल जायच्या ऐवजी पाणी फोडून वर उडतो. हवेत डोकं झटकतो, तोंडातला आकडा फेकून द्यायला बघतो. लाल डोळे, अंगावर गंजलेल्या पत्र्यासारखे पट्टे. पडतो, पुन्हा उडतो. होडीजवळ आणला तर शेपटीने होडीला फटके मारतो. मामा त्याच्या खालच्या ओठात अंगठा घालून त्याला उचलायचा, पकडीने आकडा उपटायचा, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचा. प्रत्येक वेळी. मला ते कधीच पटलं नाही. आमच्या घरी मासा धरला तो खाण्यासाठी.

आता नांगराची गोष्ट, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाहत्या पाण्यात होडी एका जागी थांबवायला लोखंडाचा छोटा नांगर असतो, छत्रीसारखा मिटणारा. त्याचा दोर होडीच्या मागच्या टोकावरच्या कडीतून येतो आणि मामाच्या सीटशेजारच्या खुंटीला बांधलेला असतो. बांधायचा तो सुरगाठीने, आणि सुरगाठीचं टोक हातभर लांब लोंबत ठेवायचं. संकट आलं तर टोक एकदा ओढायचं, दोर सुटून जातो, होडी मोकळी. पहिल्या आठवड्यात त्याने मला वीसेक गोष्टी सांगितल्या होत्या, त्यात ही होती. मी सगळ्या वहीत लिहिल्या. 'नांगर' या शब्दाखाली माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे: टोक लांब ठेवणे. का? तो 'का' विचारायचा राहून गेला.

त्या दुसऱ्या उन्हाळ्यात, ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी मी गॅरेज आवरलं. वल्ही भिंतीला लावली, गळांचे डबे आकारावार ठेवले. मग कयाककडे बघितलं तर खुंटीला दोर कसातरी बांधलेला, टोक जमिनीवर लोळतंय. मी ती गाठ सोडली आणि माझ्या आईने शिकवली तशी बांधली. आम्ही लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचो तो असा: दोन वेढे, त्यावर निरगाठ, तिच्यावर आणखी एक निरगाठ, दोर ओला करून दातात धरून आवळायचा आणि उरलेलं टोक वेढ्याखाली खुपसायचं. वर्षभर मुंगी शिरत नाही. खुपसूनही थोडं टोक उरलं, ते मी कात्रीने कापलं.

संध्याकाळी मामा गॅरेजमध्ये आला. "वॉव. हे तर शोरूम केलंस." त्याने सगळं बघितलं. गाठ नाही बघितली. नंतर तो म्हणाला, की आईने केलंय म्हणजे नीटच असणार, म्हणून हातही लावला नाही.

शनिवारी सकाळी आम्ही नदीवर पोचलो. दोन दिवस वरच्या बाजूला पाऊस झाला होता. पाणी चहाच्या रंगाचं आणि नेहमीपेक्षा जोरात. मामा काठावर दोन मिनिटं उभा राहिला.

"थोडी हाय आहे. पण ओके. आज ते भुकेले असतील."

मधोमध एका बुडालेल्या खडकाच्या खालच्या अंगाला त्याने नांगर टाकला. होडीचं मागचं टोक प्रवाहाच्या वरच्या दिशेला, आमची तोंडं खालच्या दिशेला. म्हणजे वरून काय येतंय ते दोघांनाही दिसत नव्हतं.

पहिला मासा त्याला लागला, सोडला. दुसरा मला लागला, आणि तो हा मासा. त्याने मला पंधरा मिनिटं मारलं असंच म्हणेन. मनगट पिळलं, रॉडचा दांडा बरगडीत रुतला, एकदा मी पुढे ओढली जाऊन गुडघा होडीच्या काठावर आपटला. शेवटी दमून आडवा झाला. मी त्याच्या ओठात अंगठा घातला आणि उचलला. मग दुसऱ्या हाताने लाइफ जॅकेटच्या खिशातून सुरी काढली. लाकडी मुठीची माझी मासे साफ करायची सुरी, मुंबईहून आणलेली. पाण्यात पडून हरवू नये म्हणून मी तिला जॅकेटला दोरीने बांधली होती.

"आई, सुरी कशाला?"

"मासा न्यायला."

"आपण रिलीज करतो. तुला माहितीये."

"तू करतोस. हा माझा आहे. लायसन्सच्या पुस्तिकेत लिहिलंय, मापाचा असेल तर ठेवता येतो. मापाचा आहे."

"प्रश्न लीगलचा नाहीये गं."

"मग कशाचा आहे? त्याच्या जबड्यात लोखंड घालायचं, दम निघेपर्यंत ओढायचं, फोटो काढायचा, आणि मग म्हणायचं जा बाबा, सुखी राहा. आणि क्रूर कोण, तर मी?"

"ओह गॉड. तुझ्या वर्गातली पोरं जिवंत कशी राहिली?"

"राहिली काही. त्यातलंच एक मागे बसलंय."

तो हसला नाही. मी माशाचं डोकं होडीच्या काठावर दाबलं आणि सुरीच्या मुठीने मारलं. पहिला फटका घसरला. मासा उसळला, त्याचा काटा माझ्या तळहातात घुसला. मला राग आला. खरंच राग आला, माशाचा, पाठीमागच्या त्या गप्प बसण्याचा, सगळ्याचा. पुढचे तीन फटके मी हवे होते त्याहून जोरात मारले. रक्त माझ्या पायांवर आणि भगव्या प्लॅस्टिकवर उडालं. मासा थरथरला आणि थांबला.

"हॅपी?" मामा म्हणाला.

त्याला चांगलंसं उत्तर द्यायला मी मागे वळले, आणि त्याच्या खांद्यावरून मला झाड दिसलं.

अख्खं झाड वाहत येत होतं. मुळं वर, फांद्यांना अजून हिरवी पानं. इतकं मोठं असून आवाज नाही. मी "मागे!" एवढंच ओरडले. खोड नांगराच्या दोरावर येऊन आडवं पडलं आणि दोर ताणला. होडीचं मागचं टोक कुणी हाताने दाबावं तसं खाली गेलं. पाणी मामाच्या मांडीवर चढलं. त्याने वळून खुंटीकडे हात टाकला.

"टोक कुठेय?"

तो मला विचारत नव्हता. डाव्या हाताने गाठीवर चाचपडत होता, नखांनी उकरत होता. "टोक कुठेय? व्हेअर द हेल..."

'का' या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा कळलं.

मी सांगणार तेवढ्यात होडी एका अंगावर झाली आणि उलटली. पाण्याखाली गडगडाट होता, दगड दगडावर आपटल्यासारखा. काहीतरी माझ्या पाठीत बसलं, वल्हं असेल. जॅकेटने मला वर फेकलं. उलट्या होडीची बाजूची मूठ माझ्या हाताला लागली, ती मी धरली. चष्मा गेला होता. मासाही गेला.

मामा मागच्या टोकाला होता. तो गाठ उकरत असताना दोराचा वेढा त्याच्या डाव्या तळहातावरून पडला होता आणि होडी उलटताना आवळला होता. हात खुंटीशी जखडलेला. झाड दोर ओढत होतं, दोर होडीचं टोक खाली ओढत होता, आणि टोकाबरोबर तो. जॅकेट त्याला वर ढकलत होतं, हात खाली ओढत होता. तोंड वर यायचं, झाकलं जायचं.

"आई, सोड! काठाला जा! गो!"

मग तोंडावर पाणी गेलं आणि ते परत वर आलं नाही.

मला मोजायची सवय आहे. जिना चढताना, भाकरी भाजताना, मी मोजत असते. तेव्हाही मोजायला लागले. एक, दोन. मी होडीच्या पोटावरून त्याच्याकडे सरकले. प्लॅस्टिक गुळगुळीत, पकडायला काही नाही, पाणी पायांना खेचतंय. सात. दोरी ओढली आणि सुरी पाण्यातून मुठीत आली. नऊ. मी हात पाण्यात खांद्यापर्यंत घातला. काही दिसत नव्हतं. त्याचं मनगट लागलं, त्यावरून पुढे बोटं चाचपत गाठीपर्यंत गेले. माझी गाठ. दगडासारखी. त्याच्या बोटांवरून दोर, दोराखाली बोटं, मध्ये जागा नाही.

बारा म्हणताना मी कापायला सुरुवात केली.

आयुष्यभर मी मासे कापलेत. काय कापलं जातंय ते पात्यातून हाताला कळतं. दोर करकरतो. मांस करकरत नाही. पहिल्याच ओढीला मला कळलं की मी दोर नाही, त्याचा हात कापते आहे. पाण्याखाली तो हिसका देऊन वळवळला, मघाच्या माशासारखाच. मी सुरी उचलली नाही. दोर हाताला चिकटून होता, आणि हात वाचवत कापण्यासाठी जी जागा शोधावी लागली असती तिला वेळ लागला असता. मी तशीच दाबून ओढत राहिले. सतरा. अठरा. मांस, मग कठीण काहीतरी, मग करकर. बाविसाव्या आकड्याला दोर तटकन तुटला, होडी वर उसळून माझ्या हनुवटीवर आपटली आणि माझी जीभ दाताखाली फाटली.

आम्ही दोघं आणि होडी वाहत सुटलो. मी त्याच्या जॅकेटची कॉलर धरून ठेवली होती. पुढच्या वळणावर गोट्यांचा उथळ पट्टा लागला, तिथे आपटत थांबलो. मामा पालथा पडून पाणी ओकत होता. हातातून रक्त ठेक्यात उडत होतं. माझ्या मानेला घामासाठी पंचा गुंडाळलेला होता, तो काढला आणि कोपराखाली बांधला. कसा बांधला? दोन वेढे, निरगाठ, वर आणखी एक निरगाठ, दातांनी आवळून. हाताला दुसरं काही येतच नव्हतं.

काठावर कुत्रं फिरवणाऱ्या दोघांनी फोन केला. ॲम्ब्युलन्समधून आलेल्या तरुण मुलीला पंचाची गाठ सोडवेना. शेवटी तिने कात्री घेतली. "हे कुणी बांधलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, मी. "फार छान बांधलंत," ती म्हणाली.

ऑपरेशन चार तास चाललं. बोटं मिटवणारे टेंडन तुटले होते, मधल्या बोटाचे त्यांनी जोडले, शेवटच्या दोन बोटांचे नीट जुळले नाहीत. शुद्धीवर आल्यावर मामा गुंगीत म्हणाला, "आई, माझीच चूक. टोक आत अडकलं असणार. मी चेक नाही केलं."

मी म्हटलं, "झोप आता."

असे अकरा दिवस गेले. मी त्याला भात कालवून द्यायची, शर्टाची बटणं लावायची, आणि रोज सकाळी ठरवायची की आज सांगायचं. बाराव्या दिवशी तो लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. कयाकवरून मासे धरणाऱ्यांचा त्याचा एक ग्रुप होता, त्यांच्यासाठी त्याने एका हाताने लिहिलं होतं. माझ्या चुकीतून शिका, असा त्याचा आशय. मी गाठ निष्काळजीपणे बांधली, माझ्यामुळे माझी सत्तरीला आलेली आई बुडाली असती, वगैरे.

"इंग्लिश बघ ना जरा," तो म्हणाला.

मी वाचलं. तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम चुकीच्या जागी होता. तो मी सांगितला. मग म्हटलं, "गाठ तू बांधली नव्हतीस."

"म्हणजे?"

मी सांगितलं. शुक्रवार, दादरा, कात्री, सगळं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा पांढरा होत गेला. मग तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आणि उजव्या हाताने फळीवरच्या माझ्या बरण्या एका फटक्यात खाली लोटल्या. मग दुसरी फळी. मूग, मसूर, चवळी, काचा. एक बरणी त्याने उचलून भिंतीवर मारली.

"तुला एकही गोष्ट आहे तशी ठेवता येत नाही का? एक? माझी, माझ्या घरातली, एक गोष्ट?"

मी दारात उभी होते. म्हटलं, "अजून आहे. पहिली ओढ हातावर बसली ते मला कळलं होतं. मी थांबले नाही."

तो काचांमध्ये अनवाणी उभा होता.

"ते मला तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "थांबली असतीस तर?"

आणि खोलीत निघून गेला. फरशीवर त्याच्या पायाचं रक्त उमटलं होतं. त्या दिवशी मी झाडू घेतला नाही. डाळी आणि काचा रात्रभर तशाच पडून राहिल्या. सकाळी तोच एका हाताने केर काढत होता, वाईट काढत होता, आणि मी मुकाट्याने बघत बसले.

तो लेख त्याने कुठेच पाठवला नाही. लोकांना मासा चावला म्हणून सांगायला लागला. मला वाचवायला सांगतो की स्वतःला, मी विचारलेलं नाही. पण तुम्ही दोघं त्याच होडीत बसणार आहात, म्हणून तुमच्यापुरती ती गोष्ट मी मोडते आहे.

मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर त्याने नवा दोर आणला. डाव्या हाताने आता त्याला गाठ मारता येत नाही. त्याने दोर माझ्या मांडीवर टाकला आणि म्हणाला, "शिक."

तेव्हापासून दर शनिवारी आम्ही ड्राइव्हवेवर असतो. तो कोरड्या कयाकमध्ये मागच्या सीटवर बसतो. मी खुंटीला सुरगाठ मारते आणि टोक हातभर लांब सोडते. लोंबणारं ते टोक बघून माझे हात अजून शिवशिवतात. तो डोळे मिटतो, चाचपडत टोक शोधतो आणि ओढतो. दोर सुळकन निघून डांबरावर पडतो.

"परत," तो म्हणतो.

मी परत मारते. कधी वीसदा, कधी तीसदा. शेजारच्या काकू परवा कुंपणापाशी थांबून म्हणाल्या, "काय हो, मायलेकांचा नवीन खेळ का?" मी हो म्हटलं.

सुरी अजून माझ्या जॅकेटला बांधलेली आहे. तिची दोरी मी बदललेली नाही.

जूनमध्ये नांगराची गाठ मीच मारणार आहे. होडीत बसण्याआधी तुम्ही दोघांनी, एकामागून एक, ते टोक ओढून बघायचं. आजीने केलंय म्हणजे नीटच असणार, असं म्हणायचं नाही. दोर सुटून पडलेला डोळ्यांनी बघितलात, की मग मी पुन्हा बांधीन, आणि मग बसा.